बेसबॉल: बारा वर्षांच्या मुलाची कुवत नक्की जोखायची कशी?

दवबिंदू

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा सहावीत आहे, टी-बॉलपासून (खांबावर ठेवलेला चेंडू मारायचा लहानांचा खेळ) टाउनच्या रेक लीगमध्ये (गावातली हौशी लीग) खेळतोय. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस (दुसऱ्या बेसच्या दोन बाजूंच्या फिल्डिंगच्या जागा), कधीमधी दोन इनिंग्ज पिचिंग (चेंडू टाकणं). घरात बेसबॉल कळणारं कोणी नाही. नवरा पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेला, मी खो-खो.

मागच्या महिन्यात टीममधल्या दोघांबरोबर तो एका 'स्किल्स असेसमेंट'ला गेला. परत आला तो एक रंगीत कागद घेऊन. ६० यार्ड ८.४ सेकंद, टीवरून एक्झिट व्हेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग) ताशी ६४ मैल, इन्फिल्डमधून (बेसजवळच्या भागातून) थ्रो ताशी ५७ मैल, आणि खाली शेरा: 'हाय सीलिंग, अंडरसाइज्ड' (पुढे बरंच वर जाऊ शकतो, पण अंगाने लहान). सोबत त्यांच्याच ट्रॅव्हल टीमचं (गावोगाव जाऊन स्पर्धा खेळणारी टीम) आमंत्रण. वर्षाची फी साडेतीन हजार डॉलर, हॉटेलं-प्रवास वेगळा.

पैसे ही एक गोष्ट झाली. मला आधी हे कळायला हवंय की या आकड्यांवरून खरंच काही ठरतं का? पोरगा वर्गात उंचीने शेवटून तिसरा आहे. त्याच्यात काही आहे की नाही हे आमच्यासारख्या अडाण्यांनी कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

६-४-३

बरीच वर्षं टाउनच्या लीगमध्ये व्हॉलंटियर कोच आहे, मोठा मुलगा कॉलेजात खेळला. त्या बळावर लिहितोय. स्काउट नाही.

आधी हा शब्दसंग्रह कुठून आला ते बघू. व्यावसायिक स्काउट खेळाडूकडे पाच 'टूल्स' शोधतो: सातत्याने चेंडू बॅटवर घेणं, ताकदीने मारणं, पळणं, फिल्डिंग आणि थ्रोची ताकद. प्रत्येकाला २० ते ८० मध्ये गुण मिळतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला (सर्वांत वरची व्यावसायिक लीग) सरासरी खेळाडू, आणि दर १० गुण म्हणजे संख्याशास्त्रातलं एक स्टँडर्ड डेव्हिएशन. ही पट्टी ब्रँच रिकी यांच्या नावावर सांगतात, ज्यांनी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला डॉजर्स संघाकडून मैदानात उतरवलं तेच. प्रत्येक टूलला दोन आकडे असतात, आजचा आणि भविष्यातला. 'सीलिंग' हा त्या दुसऱ्या आकड्याचा भाऊ. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाबाबतसुद्धा तो दुसरा आकडा सर्रास चुकतो, आणि चुकतो तो ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांचा. पुढे महान ठरलेला अल्बर्ट पुहोल्स १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या संघांनी फेऱ्या-फेऱ्यांनी नवे खेळाडू निवडणं) तेराव्या फेरीत गेला. उलट बिली बीन १९८० मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, पाचही टूल्स असलेला मुलगा म्हणून. खेळाडू म्हणून त्याचं फार काही झालं नाही, नाव झालं ते पुढे ओकलंडचा जनरल मॅनेजर म्हणून.

तेव्हा बारा वर्षांच्या पोराला 'हाय सीलिंग' लिहिणाऱ्याचं धाडस मानायला हवं. फी भरणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं अशी मला दाट शंका आहे. बाकीच्या दोन मुलांचे कागद जमल्यास बघा.

आता तुमच्या आकड्यांबद्दल तीन प्रश्न:
मुलगा कोणत्या महिन्यातला? टीवरून मारताना बॅट कोणती होती? ६० यार्डांची वेळ लेझरने घेतली की हातातल्या स्टॉपवॉचने?

बंड्या_ऑफस्पिन

एवढं सगळं करून शेवटी कॉम्प्युटर सायन्सच ना? पळा!

हाडवैद्य

बंड्या, तुम्ही पॉपकॉर्न घेऊन बसा.

मी फिजिओथेरपिस्ट, निम्मे पेशंट शाळकरी खेळाडू. ६-४-३ यांनी जन्ममहिना विचारला तो अगदी नेमका प्रश्न आहे, पण मी एक पाऊल पुढे जाते. मुलग्यांचा उंची वाढण्याचा सर्वांत वेगवान काळ सरासरीने साडेतेराच्या आसपास येतो. कुणाचा बाराव्या वर्षी, कुणाचा पंधराव्या. म्हणजे एकाच टीममधल्या दोन बारा वर्षांच्या मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक सहज असू शकतो. बारा वर्षांखालच्या टीममध्ये मिसरूड फुटलेला जो पोरगा कुंपणापार मारतो ना, त्याचं पुष्कळसं काम हार्मोन्सनी केलेलं असतं. एक्झिट व्हेलॉसिटी, थ्रोचा वेग, ६० यार्ड, हे तिन्ही आकडे या वयात सर्वांत जास्त मोजतात ते शरीर किती पुढे गेलंय हे. कैरीच्या आकारावरून आंब्याची गोडी सांगण्याचा प्रकार.

'अंडरसाइज्ड' हा शेरा तर वाचूच नका. ढोबळ अंदाज हवा असेल तर आई-बाबांच्या उंचीची सरासरी काढा आणि मुलग्यासाठी त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवा. त्याच्या खाली-वर बरीच जागा सोडा. आणि दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. एकदम वाढायला लागला की सहा महिने पाय अडखळतील, स्विंग बिघडेल, थ्रो कुठेही जाईल. त्या काळात कोणी त्याला असेसमेंटला नेलं तर कागद भयंकर येईल, आणि त्याचा अर्थ काहीही नसेल.

पिचिंगबद्दल वेगळं लिहीन, तो माझा दुखरा विषय आहे.

दवबिंदू

सगळ्यांचे आभार. मुलगा जुलैतला आहे, म्हणजे अजून अकराच पूर्ण आहेत, लीगच्या हिशेबात बारा. बॅट मित्राची होती, तिच्यावर यूएसएसएसए असं लिहिलेलं. त्याची स्वतःची यूएसएवाली आहे. वेळ स्टॉपवॉचने घेतली.

६-४-३

बघा, अर्धा कागद इथेच गळाला.

लिटल लीगची (मुलांच्या बेसबॉलची मोठी संघटना) वयाची रेघ ३१ ऑगस्टला आहे. जुलैचा पोरगा म्हणजे आपल्या गटातला जवळजवळ सर्वांत लहान. त्याच गटात आदल्या सप्टेंबरचे, दहा महिन्यांनी मोठे भिडू आहेत. या वयात दहा महिने म्हणजे खूप.

बॅटचं म्हणाल तर २०१८ पासून लिटल लीगमध्ये यूएसए शिक्क्याच्याच बॅटी चालतात, त्या मुद्दाम लाकडी बॅटीच्या वागणुकीजवळ आणलेल्या आहेत. यूएसएसएसए शिक्क्याची बॅट जास्त उसळी देते. ट्रॅव्हल बॉलमध्ये ती चालते, म्हणून तिथले आकडे आणि होमरन दोन्ही फुगलेले दिसतात. हायस्कूलला बीबीसीओआर शिक्क्याची बॅट येते: इंचांतल्या लांबीपेक्षा औंसांतलं वजन तीनहून जास्त कमी नाही, आणि उसळी दाबलेली. तेव्हा बऱ्याच 'पॉवर हिटर'ची पॉवर मावळते. एकाच पोराची एकाच आठवड्यातली दोन बॅटींवरची मापं तुलनेला घेऊ नयेत, इथे तर बॅट त्याची नव्हतीच.

स्टॉपवॉचमध्ये एक-दोन दशांश इकडे-तिकडे होतात. तसंही ६० यार्ड हे मोठ्यांचं माप आहे. सहावीतल्या मुलासाठी मी पहिली चार पावलं बघतो.

आता तुमचा खरा प्रश्न, अडाण्यांनी काय बघायचं. मी ट्रायआउटला काय बघतो ते सांगतो.

मॅचच्या आधी अर्धा तास जा आणि दोघं-दोघं थ्रो करतात ते बघा. रडार नको. चेंडू हातातून सुटल्यावर सरळ रेषेत जातो की वर चढून खाली येतो? आधी कंबर वळते आणि मग खांदा येतो, की सगळं अंग एकदम फेकलं जातं? समोरच्याला छातीशी चेंडू किती वेळा मिळतो? ५७ मैलांचं नंतर ७५ होऊ शकतं, ढोपरापासून ढकलून टाकण्याची सवय मात्र सोळाव्या वर्षी सोडवणं महाकठीण.

मग ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू. बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज झाल्या क्षणी त्याचा पाय हलतो की चेंडू जवळ आल्यावर? शॉर्टस्टॉपला उभा राहणारा चांगला पोरगा पिच पडायच्या आधीच पंजांवर आलेला असतो. काही मुलं चेंडूची उसळी वाचतात, पुढे जाऊन सोपा टप्पा घेतात. काही मागे सरकून अवघड करून घेतात. हे मला शिकवून पूर्ण जमलेलं नाही, सुधारता येतं इतकंच. ज्याच्यात आहे त्याच्यात आहे.

बॅटिंगमध्ये बहुतेक पालक हिट मोजतात. मी चुकलेले स्विंग मोजतो, आणि त्यातही कुठल्या चेंडूवर ते. आपल्या मैदानावर पिचर ४६ फुटांवर असतो. तिथून ६० मैलांचा चेंडू अर्ध्या सेकंदात प्लेटवर. मेजर लीगच्या ६० फूट ६ इंचांवर तेवढाच वेळ द्यायचा तर जेमतेम ऐंशीच्या आतबाहेरचा वेग लागतो. म्हणून बारा वर्षांखाली नुसत्या वेगाने सगळे गारद होतात. अशा पिचरसमोर जो पोरगा बाहेरचा चेंडू सोडतो आणि आतला फाउल का होईना पण बॅटवर घेतो, तो माझ्या वहीत जातो, त्या दिवशी त्याचे तीन आउट झाले तरी. संथ चेंडूवर वजन मागच्या पायावर थांबवून धरता येतं का, हेही बघा. धरता येत असेल तर पोराला टायमिंग कळतं.

आणि एक डोळ्यांचं. डोळे तपासा. अक्षरशः, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चष्म्याचा नंबर न कळलेली पोरं 'बॅटिंग जमत नाही' म्हणून राइट फील्डात (जिथे लहान मुलांच्या खेळात चेंडू क्वचित येतो) पाठवलेली मी पाहिली आहेत.

गावस्कर_फॅन

वाचनखूण साठवली आहे. क्रिकेटवाल्या बापाच्या बाजूने दोन शब्द.

नवरोबांना सांगा, कॅचिंग आणि थ्रोइंग खुशाल शिकवा. आपण ग्लोव्हशिवाय, १५६ ते १६३ ग्रॅमच्या चेंडूवर हात तयार केलेले. बेसबॉल १४२ ते १४९. उघड्या हातांनी मऊ झेल घेणारं पोर ग्लोव्ह घातल्यावर चेंडू लवकर मोकळा करतं. बॅटिंगला मात्र हात लावू नका. कोपर वर, सरळ बॅट, चेंडू जमिनीलगत, हे सगळं इथे उलटं पडतं. माझ्या भाच्याला मी घरामागे ड्राइव्ह शिकवत होतो तर त्याचा कोच हात जोडून आला.

आणि 'ॲथलेटिक आहे म्हणजे खेळेल' यावर मायकेल जॉर्डन हा उतारा. १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची लीग) खेळला. सरासरी ०.२०२, १२७ सामन्यांत ११४ स्ट्राइकआउट. बेस मात्र ३० चोरले. पाय आणि उडी जगात एक नंबर, पण कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) वाचायचा तर हजारो चेंडू लहानपणापासून बघितलेले लागतात.

६-४-३

जॉर्डनवर अन्याय नको. शाळेनंतर इतक्या वर्षांच्या खंडाने, एकतिसाव्या वर्षी थेट डबल-एमध्ये ०.२०२ हे मला तरी थक्क करणारं वाटतं. बाकी सहमत.

परतीचा_पाऊस

याचंच दुसरं टोक भारतात झालं होतं. २००८ मध्ये अमेरिकन एजंट जे. बी. बर्नस्टीन याने स्पर्धा घेतली, हजारो पोरांनी रडार गनसमोर चेंडू फेकला. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघे भालाफेकीतले, बेसबॉल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याच वर्षी करार केला. पाचातलं एकच टूल मोजून माणूस निवडला तर काय होतं याचा हा जिताजागता प्रयोग. काही वर्षं मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर गेली. रिंकू पुढे कुस्तीत गेला. ज्यांनी आधी कधी ग्लोव्ह घातला नव्हता त्यांच्यासाठी हेसुद्धा अफाटच.

डेलावेअरचा_दादा

दवबिंदू, फीबद्दल स्पष्ट बोलतो, धाकटा डिव्हिजन ३ मध्ये (कॉलेज खेळांची खालची पातळी, डिव्हिजन १ सर्वांत वरची) खेळतो.

डिव्हिजन १ चे कोच बेसबॉलच्या मुलाशी रिक्रूटिंगबद्दल अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत बोलूच शकत नाहीत. तुमचा पोरगा सहावीत आहे. बारा वर्षांच्या मुलांच्या टीमला 'एक्स्पोजर' मिळतं म्हणजे कुणापुढे मिळतं, हे त्या लोकांना विचारा.

स्कॉलरशिपच्या आशेने हे सगळं करत असाल तर जमाखर्च बघा. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या आणि त्या बऱ्याच मुलांत वाटायच्या. २०२५-२६ पासून, नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली आणि ३४ खेळाडूंची मर्यादा आली. पैसे जास्त मिळू शकतात, पण जागा कमी. डिव्हिजन ३ ला खेळासाठी पैसा मिळतच नाही. वरचा ड्राफ्ट ४० फेऱ्यांवरून २० वर आलाय. आम्ही ट्रॅव्हल बॉलवर घातलेले पैसे बाजूला ठेवले असते तर कॉलेजची एका वर्षाची फी निघाली असती. पोराला मजा आली, मित्र मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

सॉफ्टबॉल_आई

मुलींच्या पालकांसाठी पुरवणी: इथे सगळं दीड-दोन वर्षं आधी. वाढीचा झपाटा अकरा-बारालाच येऊन जातो, त्यामुळे बाराव्या वर्षीचे आकडे मुलग्यांपेक्षा थोडे जास्त टिकतात. पिचिंग मात्र दहाव्या वर्षापासून गंभीरपणे शिकतात. बाकी वरचं सगळं लागू.

लेफ्टी_रायटी

सगळे उंचीचं एवढं टाळताय, पण होजे आल्टुवेचं नाव कोणी घेतलं नाही? ५ फूट ६ इंच. व्हेनेझुएलात ट्रायआउटला उंची बघून परत पाठवलेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. २००७ मध्ये १५,००० डॉलरवर ॲस्ट्रोजने घेतला, २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू).

डेलावेअरचा_दादा

आणि त्याच ट्रायआउटमधून परत गेलेल्या बाकीच्या बुटक्या पोरांची नावं? आल्टुवे हे उदाहरण आई-बापांना फार महाग पडतं हो.

लेफ्टी_रायटी

मान्य. पण मग पिचर करा ना सरळ. उंची कमी असली तरी आतापासून वर्षभर पिचिंगचे लेसन लावले तर हायस्कूलपर्यंत इतरांच्या पुढे राहील. आमच्या इथे सगळे तेच करतात.

हाडवैद्य

सगळे तेच करतात म्हणून माझी वेटिंग लिस्ट भरलेली असते.

लेफ्टी_रायटी, कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा बारा वर्षांच्या मुलात अजून हाडाला पक्की जुळलेली नसते. थ्रोच्या प्रत्येक झटक्याला तिच्यावर ताण येतो. 'लिटल लीगर्स एल्बो' हे नाव उगाच पडलेलं नाही. मोठ्यांत अस्थिबंध तुटतो आणि मग टॉमी जॉन शस्त्रक्रिया होते, डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा केलेली. लहान पोरांत बऱ्याचदा आधी कूर्चा जाते.

बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटचं काम बघा. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्या मुलांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांत छत्तीसपट. छत्तीस! मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचे 'पिच स्मार्ट' नियम ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच सांगतात, ६६ किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती, आणि वर्षातून किमान चार महिने थ्रोइंग बंद. गोम अशी की ही मोजणी एकेका लीगपुरती होते. शनिवारी टाउनसाठी ७० आणि रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी ५०, तर दोन्ही कोचांच्या वहीत पोरगा नियमात. बेरीज घरच्यांनाच करावी लागते.

आणि आताच पिचर असा शिक्का मारायची घाई कशाला? जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, पिचिंग तिसऱ्या वर्षी सुरू केलं. २०१० मध्ये मेट्सने नवव्या फेरीत घेतला, २०१८ आणि २०१९ ला साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). कमी पिच टाकलेला हात हीसुद्धा एक पुंजीच.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय, बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा.

लेफ्टी_रायटी

छत्तीसपट माहीत नव्हतं. वर्षभराचे लेसन हा मुद्दा मागे घेतो. आठवड्यातून एकदा, हंगामापुरते?

हाडवैद्य

चालेल. चेंजअप (वेगवान वाटून हळू येणारा चेंडू) शिकवा, सगळ्यांत उपयोगी आणि हाताला फार जड नाही. दुखलं तर लपवायचं नाही हे पहिल्या लेसनला.

दवबिंदू

धागा वाचून नवऱ्याशी बोलले. दोन मित्रांचे कागद मिळाले. तिघेही 'हाय सीलिंग' आहेत. :)

ट्रॅव्हल टीमचं या वर्षी नको ठरवलंय. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली. ६-४-३, परवा थ्रो बघायला लवकर गेले. चेंडू सरळ जातो, पण खांदा आधी येतो असं मला वाटलं. एक विचारायचंय: शॉर्टस्टॉपला चूक झाली की हा इतका चिडतो की पुढचा चेंडूही सुटतो. हे गुणांत धरायचं की नाही?

६-४-३

धरायचं, पण काठावर, पेन्सिलीने. बारा वर्षांचा पोरगा चुकल्यावर चिडला नाही तर मला उलट काळजी वाटते. पुढच्या पिचपर्यंत परत पंजांवर येतो का, तेवढं बघा. कोचने काहीतरी ठरवून द्यावं: माती पायाने सारखी कर, ग्लोव्हवर दोनदा थाप, संपलं. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला तर पोरगा सांगितलेलं घेतो, आणि माझ्या वहीत हा रकाना एक्झिट व्हेलॉसिटीच्या वर आहे.

खांद्यासाठी: एका गुडघ्यावर बसून थ्रो, मग दोन्ही पाय रोवून थ्रो, मग पावलासकट. रोज दहा मिनिटं, हळू. बाबा समोर उभे राहू शकतात, गावस्कर_फॅन यांची परवानगी आहेच.

मोजायचंच असेल तर स्वतः मोजा. तीच यूएसए बॅट, तोच टी, होम ते फर्स्ट तीच ६० फूट, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, शेजारी उंचीची नोंद. आकडा उंचीबरोबर वाढला की उंची थांबलेली असताना वाढला, हे त्या वहीत दिसेल. पुढच्या दोन वर्षांत बेस ६० चे ९० फूट होणार आहेत आणि माउंड (पिचरचा उंचवटा) ६० फूट ६ इंचांवर. तिथे पुष्कळ पोरं एका हंगामासाठी गडबडतात, तो हंगाम तुलनेला धरू नका.

दवबिंदू

खूपच उपयोगी. आज त्यालाच विचारलं की तुला पुढे कुठली जागा आवडेल. म्हणे कॅचर. आम्ही दोघं बघतच राहिलो, आजवर कधी मास्क घातलेला नाही.

हाडवैद्य

माझ्या गुडघ्यांना घाम फुटला. त्याच दिवशी पिचिंग नको. लिटल लीगचाही नियम आहे, ४१ पिच टाकले की त्या दिवशी कॅचिंग बंद.

६-४-३

शॉर्टस्टॉपचे हात आणि चिडका स्वभाव, मला तरी ऐकायला आवडलं. रेक लीगमध्ये त्या जागेसाठी कधीच रांग नसते, कोचला नुसतं कानावर घाला. गियर विकत घेऊ नका, लीगच्या शेडमध्ये एक बॅग पडलेली असते. मिट तेवढा कुणाकडून तरी उसना घ्या, आणि पहिले दोन आठवडे बॅटरशिवाय, टेनिस बॉलवर. जमिनीवर आपटून येणारा चेंडू अंगाने अडवताना डोळे मिटतो का ते कळवा.

बंड्या_ऑफस्पिन

बारा वर्षांचा पोरगा स्वतःहून उन्हात मास्क घालून उकिडवा बसायला तयार आहे. कॉम्प्युटर सायन्सवाला शब्द मागे.